उताराचं शास्त्र

३ मार्च
आजपासून पुन्हा रोजनिशी. शर्यती सोडल्यापासून लिहिली नव्हती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. वेगाला करार मिळाला. माझी मुलगी, वीस वर्षांची, आता व्यावसायिक सायकलपटू. टीम बिल्बाओकडची आहे. लहान आहे, पण जर्सी बरी आहे.

संध्याकाळी चुसच्या बारमध्ये गाव लोटलं. चुस माझ्याच टीममध्ये होता, हॉटेलात माझ्याच खोलीत घोरायचा, आता बिअर ओततो. कोणीतरी म्हणालं, एलादिओ, दोन शब्द बोल. मी बोललो. म्हणालो, चढ पायांनी जिंकतात, उतार डोक्याने. आणि पोरीला उतार मी स्वतः शिकवणार, आपल्या एस्पिना घाटावर. टाळ्या पडल्या. चुसला खोकला आला. बराच वेळ आला.

घरी येताना माझी बायको कोवा दोन पावलं पुढेच चालत राहिली. अभिमानाने चाल वाढते.

४ मार्च
नियम. पहाटे उठणे. पाव बंद. वाइन फक्त रविवारी. सायकल गॅरेजमधून बाहेर काढणे.

सायकल निघाली नाही. तिच्यापुढे जुना फ्रीज आहे आणि फ्रीजपुढे बटाट्यांची पोती. बटाटे संपले की काढू. घाई करून पाठ धरली तर शिकवणार कोण?

७ मार्च
डेअरीत आज पुन्हा वाद. मी दुधाचा टँकर चालवतो. पलीकडच्या दरीत जायला एस्पिना घाट जवळचा, पण मी समुद्राकडच्या रस्त्याने वळसा घालून जातो. मॅनेजर म्हणाला, का? मी म्हणालो, उतारावर दूध हिंदकळतं आणि त्याची प्रत बिघडते. तो म्हणाला, बाकीच्या ड्रायव्हरांचं दूध बिघडत नाही. मी म्हणालो, त्यांना कळत नाही.

१२ मार्च
वेगा घरी आली. म्हणाली, बाबा, चल घाटात. पाऊस होता. मी म्हणालो, ओल्या रस्त्यावर धडे सुरू करायचे नसतात. ती म्हणाली, शर्यती तर पावसातही होतात. मी फरक समजावून सांगितला. माझं अर्धं बोलणं झालं तेवढ्यात ती गेलीसुद्धा.

मी खिडकीपाशी उभा राहिलो. ढग बघत होतो. एकदा ॲम्ब्युलन्ससारखा भोंगा वाजला आणि मी जिना उतरून रस्त्यावर आलो. लाकडाच्या वखारीतला जेवणाचा भोंगा होता. पायात चप्पल नव्हती हे कोवाने सांगितलं.

वेगा परत आली तेव्हा दातांपर्यंत चिखल, आणि हसत होती. मला त्या हसण्याची काळजी वाटते. उतारावरून येताना माणसाने हसू नये.

१९ मार्च
आज सान होसे, वडिलांचा सण. वेगाने मला नवं हेल्मेट दिलं. कोवाने बटाट्यांची पोती हलवली. मी तिला तसं काही सांगितलं नव्हतं.

गेलो. चढावर मी अजूनही चढाईचाच माणूस. धाप लागली, पण ती ऐटीची धाप. माथ्यावर पोचलो तेव्हा वारा होता. खाली दरी, चर्च, आमचं लाल छप्पर, आणि मधे तो रस्ता, शिलाईच्या दोऱ्यासारखा. हात हँडलवर ठेवले. मग ते हात कोणाचे आहेत हे कळेनासं झालं. थंडीने होतं असं.

वेगाला म्हणालो, तू पुढे हो, मला तुझी पद्धत मागून बघायची आहे. ती वाकली आणि गेली. पहिल्या वळणावर तिचा गुडघा बाहेर आला आणि मग ती दिसेनाशी झाली. मी त्या मोकळ्या वळणाकडे बघत राहिलो. ते पुष्कळ वेळ मोकळं होतं.

नंतर वासरं नेणारा एक ट्रक आला. मी सायकल आत टाकली आणि वासरांमध्ये बसलो. उंचावरून निरीक्षण चांगलं होतं. खाली वेगाने विचारलं, बंद ट्रकमधून कसलं निरीक्षण? मी म्हणालो, फट होती.

रात्री जेवताना तिने माझ्या केसांतली गवताची काडी काढली.

२० मार्च
गुडघा दुखतोय. याच गुडघ्यामुळे मी शर्यती सोडल्या, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण गावात लोक काहीही बोलतात.

वस्तुस्थिती अशी. सातव्या सीझनला शर्यत आमच्याच गावात संपणार होती आणि मी एस्पिनाच्या माथ्यावर एकटा पुढे होतो. तेव्हा माझ्यासारखा उतरणारा देशात नव्हता. पाऊस होता. अर्ध्या उतारावर गुरांच्या पाण्याचा दगडी हौद आहे, तिथलं वळण आत ओढतं. मी हौदात गेलो. चुस मागून येत होता. तो थांबला आणि त्याने मला बाहेर काढलं. गळपट्टीचं हाड, कंबर, तीन दात. लोक त्याला आता एलादिओचा हौद म्हणतात. स्मारकं अशीच होतात.

त्यानंतर दोन सीझन मी प्रत्येक उतार सावकाश उतरलो, कारण चुस थकलेला असायचा आणि त्याला सोबत हवी असायची. मग गुडघा.

२ एप्रिल
दुसरा धडा. ऊन होतं, रस्ता कोरडा, वारा नाही. कारण सापडलं नाही.

तीन वळणं उतरलो. चौथ्याच्या आधी ब्रेक लागले. मी लावले असं म्हणता येणार नाही, ते लागलेच. रबर जळल्याचा वास आला, आणि त्या वासाबरोबर पुन्हा तो हौद, ते हिरवं पाणी, तोंडात शेवाळ. मी रस्त्याच्या कडेच्या चरात उभा होतो. सायकल पायांत, ब्रेक मुठीत. मूठ सुटेना. एक गाय बघत होती.

वेगा खालून पुन्हा वर चढून आली. माझी बोटं एकेक करून ब्रेकवरून सोडवली, लहान मुलाच्या हातातून काच काढून घेतात तशी.

मी म्हणालो, याला ब्रेकवर पकड म्हणतात. आजचा धडा एवढाच.
ती म्हणाली, बरं, बाबा.
आम्ही चालत खाली आलो. सगळा वेळ ती बाहेरच्या, दरीच्या बाजूने चालली.

५ एप्रिल
चुसच्या बारमध्ये. चुस म्हणाला, सांगून टाक तिला.
काय, मी विचारलं.
म्हणाला, लेका, दोन वर्षं मी प्रत्येक उतारावर तुझ्यासाठी मागे थांबलो. तू ब्रेक दाबून रडत यायचास आणि मी पुढून गाणी म्हणायचो, म्हणजे तुला रस्ता कुठे आहे ते कळावं. टीमच्या डायरेक्टरने शेवटी दोघांनाही काढलं. मी तक्रार केली का कधी? नाही. पण पोरीला शिकवतो म्हणून भाषणं ठोकू नकोस.

बिअरच्या धंद्यात माणसाची स्मरणशक्ती जाते. गाणी तो म्हणायचा हे खरं आहे. आवाज वाईट होता.

११ एप्रिल
वेगा पडली.

सरावात, दुसऱ्या कुठल्या घाटात. मोठं काही नाही असं फोनवर म्हणाली. घरी आली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत कातडी नव्हती. कोवाने तिला बाथरूममध्ये बसवलं आणि चिमट्याने खडी काढायला लागली. मी दिवा धरणार होतो. नंतर कळलं की मी टबाच्या कडेला खाली बसलो होतो आणि दिवा वेगानेच धरला होता, चांगल्या हाताने.

ती म्हणत होती, आई, जर्सी फाटली, त्याचं वाईट वाटतं.

झोप नाही. हे थांबवलं पाहिजे. शांतपणे, कोणाला न कळता, तज्ज्ञाच्या पातळीवर.

१४ एप्रिल
वेगाच्या डायरेक्टरला फोन केला. इदोइया नावाची बाई आहे, स्वतः शर्यती केलेली. मी म्हणालो, एक जुना खेळाडू म्हणून सल्ला देतो: मुलीला या वर्षी सपाट शर्यतींत ठेवा. उतारांवर ती अजून कच्ची आहे. विशेषतः एस्पिनासारखा घाट, त्याचं शास्त्र वेगळं आहे. मग मी तिला ते शास्त्र सांगितलं, वळण न् वळण, कुठे डांबर आत ओढतं, कुठे सावलीत ओल राहते, सगळं.

तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, एलादिओसाहेब, फार उपयोग झाला.

समाधान. अनुभवाला किंमत आहे.

२१ एप्रिल
वेगाचा फोन. जूनमध्ये बायकांची मोठी शर्यत आमच्या दरीतून जाणार आहे, एस्पिना घाट चढून आणि उतरून. इदोइयाने वेगाला टीमची मुख्य खेळाडू केलंय. म्हणाली, ज्या घरात या घाटाची इतकी माहिती आहे तिथली मुलगी मागे का ठेवायची?

वेगा म्हणाली, बाबा, तू काय सांगितलंस तिला? थँक यू.
मी म्हणालो, त्यात काय.
पाव खाल्ला. वाइनही. आज रविवार नव्हता.

२७ एप्रिल
दुसरी योजना, ही पक्की. नगरपालिकेत तक्रार दिली की एस्पिनाचा उतार धोकादायक आहे, डांबर उखडलंय, हौदापाशी भेग आहे, अशा रस्त्यावर शर्यत घेणं बेजबाबदारपणाचं आहे. टेबलामागची बाई म्हणाली, अशी जागरूक माणसं गावाला हवीत. शर्यतीचा रस्ता बदलणं आता त्यांना भागच आहे.

१८ मे
रस्ता बदलला नाही. डांबर बदललं. माथ्यापासून गावापर्यंत नवं, काळंभोर, आरशासारखं गुळगुळीत. चुस म्हणाला, आता पोरी पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात येतील, कोणा देवमाणसाने तक्रार केली म्हणे.

टँकर घेऊन मुद्दाम घाटाखाली गेलो आणि खालूनच बघितलं. उन्हात चमकतोय.

२३ मे
नगरपालिकेतून फोन. त्या बाईने माझं नाव शर्यतीच्या सुरक्षा पथकात घातलंय. काम: पिवळा झेंडा आणि शिटी घेऊन धोक्याच्या वळणावर उभं राहायचं. म्हणाली, तुम्हाला हौदाचंच वळण दिलंय, कारण ते तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

होकार दिला. नाही कसं म्हणायचं हे ऐन वेळी सुचलं नाही.

३० मे
हौदापाशी जाऊन आलो. बसने माथ्यापर्यंत, तिथून पायी. नगरपालिकेने वळणावर गवताचे सहा भारे ठेवायचं ठरवलंय. सहा. मी तिथे बसून विचार केला की वीस वर्षांची, बावन्न किलोची मुलगी ओल्या डांबरावरून घसरत आली तर सहा भाऱ्यांचं काय होईल. संध्याकाळची बस गेली तेव्हा उठलो.

८ जून
शाळेच्या व्यायामशाळेतून गाद्या मागितल्या. नाही म्हणाले. चर्चच्या पाद्रीबाबांनी दोन दिल्या. चुसने बारमधला सोफा दिला आणि म्हणाला, एलादिओ, तुझी तब्येत बरी आहे ना? मी म्हणालो, उत्तम.

घरातल्या तीन गाद्या घेतल्या. कोवाला सांगितलं की ऊन दाखवायला नेतोय. ती म्हणाली, तीन दिवस पावसाचा अंदाज आहे. आज जमिनीवर झोपतोय. पाठीला चांगलं असतं.

११ जून, सकाळी
शर्यतीचा दिवस. पाऊस. डेअरीतल्या एका मित्राने टेम्पोतून सोफा पोचवला. हौदासमोर गाद्यांची भिंत उभी केली, दोरीने बांधली. बघणारे फोटो काढत होते. दोरीची गाठ आतापर्यंत अकरा वेळा तपासली.

आज मी शांत आहे.

दुपारी
इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण टीव्हीवर चुकीचं दाखवलं.

शेजारी उभ्या पोलिसाच्या रेडिओवर ऐकू आलं की वेगा माथ्यावर एकटी पुढे आहे. लोक ओरडायला लागले, बार्किनची पोरगी, बार्किनची पोरगी. बार्किन आमचं आडनाव, आणि ते ओरडणं मला माहीत होतं. माझ्या वेळीही असेच ओरडले होते. मग कानात फक्त पाऊस.

त्यानंतर शर्यतीच्या पुढे धावणारी अधिकाऱ्यांची गाडी वळणावर आली तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध होतो. झेंडा हलवत होतो आणि शिटी वाजवत होतो. गाडी करकचून थांबली. आतला माणूस म्हणाला, काय झालंय? मी म्हणालो, रस्ता धोकादायक आहे. तो म्हणाला, कुठे? तेवढ्यात मागे दोर सुटला. पाण्याने फुगलेल्या गाद्या एकामागून एक नव्या डांबरावर घसरत आल्या आणि रस्ता अडला.

माझं म्हणणं खरं ठरलं.

त्यांनी उतारापुरती शर्यत थांबवली. सगळ्यांना एका गाडीच्या मागे सावकाश खाली आणलं, प्रेतयात्रेला नेतात तसं. गाडीमागे पहिली वेगा. ब्रेक दाबून, एक पाय मोकळा सोडून, पावसात ती माझ्यासमोरून गेली. कडेला ओढलेल्या गादीकडे तिने बघितलं. बदकांच्या चित्रांची, तिच्याच पलंगावरची. मग माझ्याकडे बघितलं.

मी त्या वेळी पाठमोरा होतो आणि सोफ्याला मिठी मारून होतो, असं टीव्हीवर दिसतंय. कॅमेऱ्याचा कोन चुकीचा आहे.

खाली सपाटीला शर्यत पुन्हा सुरू झाली आणि मागच्यांनी तिला गाठलं. एकतिसावी आली. पण घरी आली. चालत, दोन पायांवर.

१२ जून
वेगा गाद्या आणायला माझ्याबरोबर घाटात आली. मी तयारी करून ठेवली होती: ती ओरडेल, मग मी सुरक्षिततेचे नियम सांगेन. ती ओरडली नाही. गादी पिळत होती. म्हणाली, बाबा, मी उतरायला कोणाकडून शिकले माहितेय? तुझ्याकडून. तुझ्या जुन्या शर्यतींच्या टेप आहेत आईच्या कपाटात, पडायच्या आधीच्या. लहानपणापासून बघतेय. तू पाण्यासारखा उतरायचास.

मी म्हणालो, मग शिकवलं मीच.
म्हणाली, हो. आणि काल अख्ख्या उतारावर मला भीती वाटली ती एकदाच, वरच्या वळणावरून तू रस्त्यात उभा दिसलास तेव्हा. मला वाटलं, आता बाबाला गाडी उडवणार.

गादीचं दुसरं टोक मी धरलं. तिने पिळलं. पाणी बरंच निघालं.

मग म्हणाली, पुढची शर्यत आल्प्समध्ये आहे, जुलैत. एका दिवसात दोन मोठे घाट. तू येऊ नकोस. रागावू नकोस, पण येऊ नकोस.
मी विचार करून सांगतो म्हणालो. तिचं वाक्य संपायच्या आधीच म्हणालो असं ती सांगते.

९ जुलै, दुपारी
आल्प्सची शर्यत आज. गाद्या अजून वाळल्या नाहीत. त्यांना शेवाळाचा वास येतो.

टीव्ही सुरू केला. वेगा पहिल्या डोंगराच्या पायथ्याशी होती. टीव्ही बंद केला. सुरू केला. कोवाने हातातला रिमोट काढून घेतला.

मी तिला विचारलं, मी नऊ वर्षं शर्यती केल्या, तू टीव्हीसमोर बसून बघायचीस, तुला कसं जमायचं?
ती म्हणाली, बघायचं कोण? मी एकही शर्यत बघितली नाही.
मी म्हणालो, पण फोनवर तर म्हणायचीस, छान चालवलीस.
म्हणाली, तू फोन केलास म्हणजे जिवंत होतास. म्हणजे छानच चालवली असणार.

मग तू करायचीस काय, मी विचारलं.
इस्त्री, ती म्हणाली. चढाला शर्ट, उताराला चादरी. चादरीत जास्त वेळ जातो.
तिने हे असं सांगितलं जसं भाजीत मीठ किती ते सांगावं. मी विचारलं, आणि हौदाच्या दिवशी? म्हणाली, तुझा निळा शर्ट होता. शेजारीण सांगायला धावत आली. तो जळला तो तेव्हाच.

त्या शर्टावरून मी महिनाभर कुरकुर केली होती, प्लास्टरमध्ये पडून.

तिने इस्त्री माझ्या हातात दिली आणि टेबल मांडलं. शर्यत चुस बघतोय, पोरगी खाली पोचली की फोन करणार आहे.

संध्याकाळी ५
शर्ट झाले. चादरी झाल्या. उशांचे अभ्रे, रुमाल, माझी जुनी जर्सी. लक्ष फोनकडे गेलं की चुणी पडते, मग पुन्हा पाणी शिंपडायचं. कोवा म्हणते, कडांना घाई करू नकोस, कडांनाच वेळ जातो. स्वयंपाकघरातली फडकीही झाली. त्यांना कोणी इस्त्री करत असेल असं मला वाटलं नव्हतं.

५.२०
चुसचा फोन. पहिला घाट सुखरूप उतरली. चांगली उतरली म्हणाला, पाण्यासारखी. मी जमिनीवर बसलो. कोवा माझ्याशेजारी बसली. फोन दोघांच्या मधे धरला.

मग चुस म्हणाला, आता दुसरा चढ सुरू झालाय.

घरात इस्त्री न केलेलं काही उरलेलं नाही. कोवा शेजारणीकडे कपडे मागायला गेली आहे.